तीनशे अठरा पास: ट्रे लान्स, ब्रॉक पर्डी आणि शानाहनचं आक्रमण

२६ मार्च २०२१ रोजी अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या लीगमधल्या सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्स संघाने मायामी डॉल्फिन्सशी एक सौदा केला. त्या वर्षीच्या ड्राफ्टमधला (कॉलेजच्या खेळाडूंच्या, फेऱ्यांनी होणाऱ्या वार्षिक निवडीतला) आपला बारावा क्रमांक, २०२२ची पहिली फेरी, २०२२चीच एक तिसरी फेरी आणि वर २०२३ची पहिली फेरी, एवढं सगळं देऊन त्यांनी एकच गोष्ट घेतली: तिसरा क्रमांक. कोणता खेळाडू घेणार हे सांगितलं नव्हतं, पण क्वार्टरबॅकच, म्हणजे पास टाकून आक्रमण चालवणारा खेळाडूच, घेणार याबद्दल कुणालाही शंका नव्हती. एवढी किंमत दुसऱ्या कुठल्या जागेसाठी कुणी मोजत नाही.

महिनाभराने, २९ एप्रिलला, त्यांनी नॉर्थ डकोटा स्टेट विद्यापीठाच्या ट्रे लान्सचं नाव घेतलं. वय वीस. सव्वादोन वर्षांनी, ऑगस्ट २०२३मध्ये, त्याच लान्सला डॅलस काउबॉईजकडे पाठवलं तेव्हा बदल्यात चौथ्या फेरीचा एक क्रमांक मिळाला. मधल्या काळात त्याने फोर्टीनाइनर्ससाठी चार सामने सुरू केले (म्हणजे पहिल्या डावापासून तोच क्वार्टरबॅक होता) आणि एकूण १०२ पास टाकले. आणि ज्या आक्रमणासाठी त्याला आणलं होतं, ते आक्रमण २०२२च्या ड्राफ्टमध्ये अगदी शेवटच्या, २६२व्या क्रमांकावर घेतलेल्या ब्रॉक पर्डीने चालवलं आणि संघाला सुपर बोलपर्यंत, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत, नेलं.

माझं घर सांता क्लारातल्या त्यांच्या स्टेडियमपासून गाडीने दहा मिनिटांवर आहे. इथल्या मराठी मंडळींच्या जेवणाच्या टेबलावर हा विषय गेली कित्येक वर्षं निघतो, आणि दर वेळी दोनपैकी एक निकाल लागतो: लान्समध्ये दमच नव्हता, नाहीतर बिचाऱ्याचं नशीबच फुटकं. मला दोन्ही निकाल पटत नाहीत. हे प्रकरण नीट उलगडलं तर तरुण क्वार्टरबॅक कसा पारखावा याबद्दल त्यातून बरंच हाती लागतं, म्हणून हा लेख.

शानाहनच्या आक्रमणाला काय लागतं

सगळ्यात आधी गिऱ्हाईक कोण होतं ते बघू. काइल शानाहन २०१७पासून फोर्टीनाइनर्सचा मुख्य प्रशिक्षक आहे. वडील माइक शानाहन डेन्व्हरचे प्रशिक्षक म्हणून दोन सुपर बोल जिंकलेले. मुलाने वडिलांच्या आक्रमणाचा गाभा तसाच ठेवला आणि त्यावर स्वतःची बरीच भर घातली.

या गाभ्याला वाइड झोन म्हणतात. स्नॅप झाला, म्हणजे चेंडू मागे देऊन डाव सुरू झाला, की पुढच्या फळीतले पाचही जण एकाच दिशेने, एका तालात सरकतात, लेझीमचं पथक सरकावं तसे. मागून येणारा धावपटू त्यांच्या आडून पळत राहतो आणि जिथे फट दिसेल तिथे घुसतो. हे थांबवायचं तर बचावातल्या लाइनबॅकरना, म्हणजे मधल्या रांगेतल्या खेळाडूंना, त्याच दिशेने, तितक्याच वेगाने धावावं लागतं. एकदा त्यांना ती सवय लागली की शानाहन दुसरं पान उघडतो. फळी तशीच सरकते, धावपटू तसाच येतो, क्वार्टरबॅक त्याच्या हातात चेंडू दिल्यासारखं करतो आणि देत नाही. लाइनबॅकर दोन पावलं पुढे आलेले असतात. त्यांच्या पाठीमागे, मैदानाच्या मधोमध, बारा-पंधरा यार्डांवर एक पोकळी तयार होते. चेंडू तिथे टाकायचा. याला प्ले-ॲक्शन म्हणतात. सगळेच संघ ते खेळतात, पण या संघाचं पोट त्यावर चालतं.

आता क्वार्टरबॅकच्या जागी उभं राहून पाहा. चेंडू दिल्याचा देखावा करताना त्याची पाठ बचावाकडे असते. वळून समोर पाहिल्यावर त्याच्याकडे क्षणभराचाच वेळ असतो. मागे जाताना पडणारं प्रत्येक पाऊल मोजलेलं असतं, आणि शेवटचं पाऊल टेकलं की चेंडू हातातून सुटायलाच हवा. त्या क्षणी रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा, पोकळीत पोहोचलेला नसतो. धावचीत करताना यष्टींकडे अजून धावतच असलेल्या सहकाऱ्याच्या अंदाजाने चेंडू फेकावा, तो पोहोचेपर्यंत थांबू नये, तसं हे आहे. रिसीव्हर मोकळा झालेला डोळ्यांनी पाहून मग टाकला, तर उशीर झाला. मधली पोकळी तोवर बुजलेली असते, आणि तिथे उशिरा टाकलेला पास बहुतेक वेळा विरोधी संघाच्याच हातात जातो.

शिवाय तोंडाचं कामही आहे. शानाहनच्या डावांची नावं लांबलचक असतात. हडलमध्ये, म्हणजे डावाआधीच्या घोळक्यात, अनेकदा दोन डाव एकत्र सांगायचे, मग ओळीवर जाऊन बचाव पाहायचा आणि त्यातला कुठला खेळायचा ते ठरवायचं. प्रशिक्षकाचा आवाज हेल्मेटमधल्या रेडिओवर येतो, पण डाव सुरू करायच्या घड्याळात १५ सेकंद उरले की तो बंद होतो. त्यानंतर क्वार्टरबॅक एकटा.

म्हणजे या आक्रमणाला तोफेसारख्या हातापेक्षा वेळेवर सुटणारा चेंडू जास्त हवा असतो. डीबो सॅम्युअल, जॉर्ज किटल, ब्रँडन आयुक यांच्या हातात तो धावता धावता पडला की पुढचे यार्ड तेच काढत. हा वेळेचा अंदाज जन्मजात असतो की कमावलेला, हाच या प्रकरणाचा खरा प्रश्न आहे. माझं मत कमावलेल्याच्या बाजूने आहे, आणि पुढचं सगळं विवेचन त्यावर उभं आहे.

मग लान्स का?

त्यासाठी २०२१च्या आधीचा क्वार्टरबॅक पाहावा लागतो. जिमी गरॉपलो वेळेवर टाकत होता, मैदानाच्या मधोमध बेधडक टाकत होता. २०१९च्या हंगामात त्याने संघाला सुपर बोलपर्यंत नेलं; कॅन्सस सिटीने तो सामना ३१-२० असा जिंकला. पण २०१८ साली गुडघ्याने आणि २०२० साली घोट्याने त्याचे हंगाम अर्ध्यावर तोडले. दूरचा पास ही त्याची ताकद नव्हती, आणि डाव मोडला की पायांनी काही करणंही नव्हतं. वर त्याचा पगार मोठा.

नव्या क्वार्टरबॅकचा पगार मात्र ड्राफ्टच्या क्रमांकानुसार बांधलेला असतो. २०२१ साली तिसऱ्या क्रमांकाच्या मुलाला चार वर्षांचे सुमारे ३ कोटी ४० लाख डॉलर; अनुभवी क्वार्टरबॅक तेव्हा एका वर्षात त्याच्या आसपास घेत असे. वाचलेला पैसा फळीवर आणि बचावावर लावता येतो. हा हिशोब पक्का होता आणि त्यात चूक नव्हती.

त्या वर्षी पहिल्या पंधरात पाच क्वार्टरबॅक गेले. ट्रेव्हर लॉरेन्स पहिला, झॅक विल्सन दुसरा, लान्स तिसरा, जस्टिन फील्ड्स अकरावा, मॅक जोन्स पंधरावा. सौदा झाल्यापासून ड्राफ्टच्या रात्रीपर्यंत बऱ्याच जाणकारांचा होरा जोन्सवर होता. तो अलाबामाचा, उभ्या जागेवरून अचूक आणि वेळेवर टाकणारा, शानाहनच्या आजवरच्या क्वार्टरबॅकांच्या साच्यातला. शानाहनने मात्र तो साचाच बदलायचं ठरवलं.

त्यामागचा विचार सरळ आहे. नेहमीच्या धावेच्या डावात क्वार्टरबॅक चेंडू देऊन मोकळा होतो, म्हणजे बचावाचे अकरा आणि आक्रमणाचे कामाचे दहा. क्वार्टरबॅक स्वतः धावू शकत असेल तर बचावाला एक माणूस त्याच्यासाठी राखून ठेवावा लागतो आणि हिशोब बरोबरीचा होतो. सहा फूट चार इंचांचा, दणकट, धावणारा आणि लांब टाकणारा लान्स या आक्रमणात बसला, तर आधीच अवघड असलेलं गणित विरोधकांना सुटणारच नाही. शानाहनने हे एकदा जवळून पाहिलंही होतं. २०१२ साली वॉशिंग्टनमध्ये वडील मुख्य प्रशिक्षक आणि तो आक्रमणाचा सूत्रधार असताना रॉबर्ट ग्रिफिन हा नवखा क्वार्टरबॅक त्यांच्याकडे होता. पहिल्याच वर्षी ग्रिफिनने २० टचडाउन पास (थेट गुण मिळवून देणारे) टाकले, फक्त ५ इंटरसेप्शन (विरोधकांनी झेललेले पास) दिले आणि धावून ८०० यार्डांवर मजल मारली. जानेवारी २०१३मध्ये त्याचा गुडघा गेला आणि तो खेळाडू पुन्हा तसा दिसला नाही. त्याच ड्राफ्टच्या चौथ्या फेरीत वॉशिंग्टनने कर्क कझिन्स नावाचा दुसरा क्वार्टरबॅक घेऊन ठेवला होता. ग्रिफिनसाठी मोजलेल्या तीन पहिल्या फेऱ्यांची चर्चा आजही होते, पण वेळेवर टाकणाऱ्या कझिन्सने लीगमध्ये दीर्घ कारकीर्द केली. नऊ वर्षांनी हीच गोष्ट जवळजवळ ओळीने पुन्हा घडायची होती.

कागदावरचा लान्स

नॉर्थ डकोटा स्टेट फार्गोला आहे आणि तेव्हा कॉलेज फुटबॉलच्या दुसऱ्या पायरीवर, एफसीएसमध्ये खेळत होतं. त्या पायरीवर मात्र त्यांचंच राज्य. २०१६च्या ड्राफ्टमध्ये दुसरा गेलेला कार्सन वेन्ट्झ तिथलाच.

२०१९ साली लान्स तिथे पहिल्यांदा नियमित खेळला. १६ सामने, १६ विजय. २८ टचडाउन पास आणि एकही इंटरसेप्शन नाही. धावून ११०० यार्ड आणि १४ टचडाउन. एफसीएसमधला सर्वोत्तम आक्रमक खेळाडू म्हणून त्याला वॉल्टर पेटन पुरस्कार मिळाला. त्यांचं आक्रमणही प्लेबुकच्या दृष्टीने ओळखीचं होतं: क्वार्टरबॅक चेंडू मागे देणाऱ्या सेंटरच्या पाठीशी उभा, मागे फुलबॅक, भरपूर प्ले-ॲक्शन. फळीचं संरक्षण कसं लावायचं हेही लान्सच ओळीवर ठरवायचा. शानाहनला त्यात स्वतःचं घर दिसलं असणार.

पण एक आकडा बाजूला काढून पाहायला हवा. १६ सामन्यांत त्याने पास टाकले २८७. म्हणजे सामन्याला अठरासुद्धा नाहीत. त्याची फळी समोरच्यांना सहज ढकलून द्यायची, संघ पुढे असायचा आणि चेंडू धावपटूकडे जायचा. पिछाडीवर पडून, घड्याळ पळत असताना, समोरच्याला पास येणार हे ठाऊक असताना टाकायची वेळ त्याच्यावर क्वचितच आली. शून्य इंटरसेप्शन हा आकडा सगळ्यांनी शाबासकी म्हणून वाचला. मला तो परीक्षाच न झाल्याचीही खूण वाटतो.

मग कोविड आला. २०२०च्या शरदात एफसीएसचा हंगामच झाला नाही. नॉर्थ डकोटा स्टेटने ऑक्टोबरात सेंट्रल आर्कान्सासविरुद्ध एक सामना खेळला. त्यात लान्सने ३० पास टाकले, निम्मे पोहोचले, आणि कॉलेजमधलं त्याचं पहिलं आणि शेवटचं इंटरसेप्शन झालं. ड्राफ्टच्या दिवशी त्याच्या खात्यावर कॉलेजचे एकूण पास होते ३१८.

तीनशे अठरा. हा आकडा तेव्हाही सगळ्यांना माहीत होता, कुणी लपवला नव्हता. संघाचा तर्क असा की कौशल्य आहे, डोकं आहे, वय कमी आहे. पास आपण टाकून घेऊ. इथे मला या प्रकरणाचा सांधा दिसतो. मुलगा पारखण्यात त्यांची फारशी चूक झाली असं मी म्हणणार नाही. स्वतःला पारखण्यात झाली. त्याला शिकवायला लागणारे पास आपल्या संघात उपलब्ध आहेत का, हा प्रश्न त्यांनी पुरेसा विचारला नाही.

पास कुठून आणायचे?

एनएफएलमध्ये सराव हा तुटवड्याचा माल आहे. हंगामाबाहेरचा कार्यक्रम नऊ आठवड्यांचा. हंगाम सुरू झाला की पूर्ण पॅड घालून होणारे सराव सगळे मिळून १४. शिवाय चालू आठवड्यात मुख्य आक्रमणाचे जवळजवळ सगळे डाव पहिला क्वार्टरबॅक खेळतो. दुसऱ्याच्या वाट्याला येतं ते येत्या रविवारच्या विरोधकाचं सोंग, म्हणजे त्यांचे डाव कार्डावर पाहून आपल्या बचावासमोर खेळायचे. आपल्या आक्रमणाची पावलं आणि वेळ त्यातून अंगात मुरत नाही.

लान्सला सामन्यात उतरवायचं तर संघाला हरण्याची तयारी हवी. आणि हा संघ हरायला बसलेला नव्हता. बचाव लीगमधल्या पहिल्या रांगेतला, फळीच्या डाव्या टोकाला ट्रेंट विल्यम्ससारखा टॅकल, किटल आणि सॅम्युअल ऐन भरात. २०२१ साली गरॉपलो खेळत राहिला आणि संघ थेट एनएफसीच्या, म्हणजे लीगच्या दोनपैकी एका गटाच्या, अंतिम सामन्यापर्यंत गेला, तिथे रॅम्सकडून २०-१७ने हरला. अशा हंगामात कुठला प्रशिक्षक नवख्याला शिकण्यासाठी आत पाठवील? लान्सचे सामने सुरू झाले दोन. ॲरिझोनाविरुद्ध ऑक्टोबरात, तेव्हा तो १६ वेळा धावला आणि संघ १७-१० असा हरला. मग थेट जानेवारीत ह्यूस्टनविरुद्ध, तो जिंकला. संपूर्ण वर्षाचे पास ७१. वर हंगामाआधीच उजव्या हाताचं बोट दुखावलेलं आणि ॲरिझोनानंतर गुडघा.

सलग दोन वर्षं, वीस आणि एकवीस या वयात, जेव्हा क्वार्टरबॅकने हजारेक पास टाकायला हवेत, तेव्हा या मुलाने खऱ्या सामन्यांत १०१ टाकले. मला लान्सबद्दल वाईट वाटतं ते इथे. त्याने आळस केला, उनाडक्या केल्या, असं कुणीही कधी म्हटलेलं नाही.

२०२२ साली संघ त्याच्या हाती दिला. पहिला सामना शिकागोत, मैदानावर पाणी साचलेलं, किटल जखमी. २८पैकी १३ पास पूर्ण, एक इंटरसेप्शन, १९-१० असा पराभव. पुढच्या रविवारी, १८ सप्टेंबरला, सिएटलविरुद्ध पहिल्याच सत्रात त्याला मधून धाव घ्यायला लावणारा डाव आला आणि घोटा मोडला. हंगाम संपला. डाव ठरवून दिलेला होता, तो आपणहून धावला नव्हता, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

माझी शानाहनविरुद्धची तक्रार इथे आहे. बाल्टिमोरने लमार जॅक्सनसाठी काय केलं ते आठवा. २०१८ साली पहिल्या फेरीच्या शेवटी, ३२व्या क्रमांकावर त्याला घेतलं आणि २०१९साठी अख्खं आक्रमण त्याच्या पायांभोवती नव्याने बांधलं. संघाने १४ सामने जिंकले आणि जॅक्सन एकमताने एमव्हीपी, म्हणजे लीगचा सर्वोत्तम खेळाडू, झाला. शानाहनने तसं केलं नाही. मूळ आक्रमण तेच ठेवलं आणि लान्ससाठी त्यात धावेचे काही डाव घातले. मुलाला वेळेवर पास टाकायला जमेना म्हणून त्याला धावायला लावायचं, धावण्यामुळे दुखापत व्हायची, दुखापतीमुळे पुन्हा पास टाकायला मिळायचे नाहीत. त्याच्या वाट्याला दोन अर्धी आक्रमणं आली, एक पूर्ण आलं नाही.

आणि ख्रिश्चन मकॅफ्री संघात आला तो ऑक्टोबर २०२२मध्ये. त्याच्यासारखा धावपटू असला की बचाव प्ले-ॲक्शनला किती भुलतो ते पुढे सगळ्यांनी पाहिलं. लान्सने फोर्टीनाइनर्ससाठी खऱ्या सामन्यात मकॅफ्रीच्या हातात एकदाही चेंडू दिलेला नाही.

शेवटचा माणूस

ब्रॉक पर्डीचा जन्म २७ डिसेंबर १९९९चा, लान्सचा ९ मे २०००चा. म्हणजे ज्याला वर्षभर उशिरा घेतलं तो साडेचार महिन्यांनी मोठा. चर्चेत नेहमी लान्सकडे ‘तरुण गुणवत्ता’ म्हणून पाहिलं गेलं आणि पर्डीकडे ‘मुरलेला कॉलेज खेळाडू’ म्हणून. दोघांत फरक वयाचा नव्हताच, टाकलेल्या पासांचा होता.

पर्डी आयोवा स्टेटमध्ये चार वर्षं खेळला. ४६ सामने त्याने सुरू केले, चौदाशेहून अधिक पास टाकले, १२,१७० यार्ड आणि ८१ टचडाउन. इंटरसेप्शन ३३. उंची सहा फुटांहून किंचित जास्त, हात साधारण. खेळाडू पारखणाऱ्या स्काउटांना त्या ३३ इंटरसेप्शननी घाबरवलं आणि लहानखुऱ्या चणीने उरलंसुरलं काम केलं. २०२२च्या ड्राफ्टमध्ये गेलेल्या नऊ क्वार्टरबॅकांत तो नववा. शेवटच्या क्रमांकाच्या खेळाडूला ‘मिस्टर इररेलेव्हंट’ म्हणायची तिकडे प्रथा आहे, तो किताब त्याला मिळाला.

पण त्या चौदाशे पासांकडे शानाहनच्या गरजेच्या बाजूने पाहायला हवं. आयोवा स्टेट काही बलाढ्य संघ नव्हे. तिथे पर्डीला पिछाडीवरून टाकावं लागलं, कोसळणाऱ्या फळीमागून टाकावं लागलं, ओक्लाहोमासारख्या संघाविरुद्ध टाकावं लागलं. २०२० साली तो त्यांना बिग ट्वेल्व्ह या कॉलेज-गटाच्या अंतिम सामन्यापर्यंत घेऊन गेला. मधोमध टाकायला तो घाबरत नसे, आणि त्याची किंमत म्हणूनच ३३ इंटरसेप्शन. ज्या आक्रमणात क्वार्टरबॅकने डोळ्यांनी खात्री व्हायच्या आत चेंडू सोडायचा असतो, तिथे हा धीट स्वभाव गुण ठरतो. एकाच्या शून्याचं कौतुक झालं आणि दुसऱ्याच्या तेहतीसची भीती वाटली. दोन्ही आकडे उलटे वाचायला हवे होते असं मी म्हणत नाही. ते किती पासांतून आले आणि कसल्या पासांतून आले, हे सोबत वाचायला हवं होतं.

यात संघाची दूरदृष्टी मोठी होती असंही मानू नये. त्या ड्राफ्टमध्ये पर्डीच्या आधी त्यांनी स्वतः आठ खेळाडू घेतले, म्हणजे आठ वेळा त्यालाही वगळलं. त्यांचं श्रेय यापुढचं आहे. ऑगस्टच्या शिबिरात पर्डी काय करतोय हे त्यांनी डोळे उघडे ठेवून पाहिलं आणि अनुभवी नेट सडफेल्डला सोडून तिसऱ्या क्वार्टरबॅकची जागा पर्डीला दिली.

४ डिसेंबर २०२२ला मायामीविरुद्ध गरॉपलोचा पाय मोडला. पर्डी आत गेला आणि संघ ३३-१७ने जिंकला. पुढच्या रविवारी टॉम ब्रेडीच्या टँपा बेविरुद्ध ३५-७. नियमित हंगामात त्याने सुरू केलेले पाचही सामने जिंकले, मग प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत, सिएटल आणि डॅलस. फिलाडेल्फियातल्या एनएफसी अंतिम सामन्यात सुरुवातीलाच त्याच्या कोपराचं लिगामेंट फाटलं आणि तिथेच हंगाम संपला. मार्चमध्ये शस्त्रक्रिया झाली, सप्टेंबरात तो पुन्हा उभा होता. २०२३ साली ४,२८० यार्ड, म्हणजे फोर्टीनाइनर्सचा हंगामी विक्रम, ३१ टचडाउन, लीगमधलं सर्वोच्च पासर रेटिंग (पासांच्या कामगिरीचा निर्देशांक) ११३.०. फेब्रुवारी २०२४मध्ये लास व्हेगसचा सुपर बोल कॅन्सस सिटीने जादा वेळेत २५-२२ असा जिंकला. त्या हंगामात पर्डीचा मूळ पगार ८ लाख ७० हजार डॉलर होता. स्वस्त क्वार्टरबॅकचा जो हिशोब तिसऱ्या क्रमांकासाठी मांडला होता, तो २६२व्याने फेडला.

पर्डी मोठा की आक्रमण मोठं?

हा वाद इकडे अजून मिटलेला नाही. ऑक्टोबर २०२३मध्ये सॅम्युअल आणि ट्रेंट विल्यम्स जखमी झाले आणि संघ सलग तीन सामने हरला. नाताळच्या रात्री बाल्टिमोरने पर्डीचे चार पास अडवून घेतले. २०२४ साली मकॅफ्री फक्त चार सामने खेळू शकला, आयुकचा गुडघा गेला, विल्यम्सही पुरा हंगाम नव्हता. संघ ६ विजय आणि ११ पराभवांवर आला आणि पर्डीचे टचडाउन ३१वरून २०वर. टीकाकारांनी लगेच म्हटलं, बघा, पर्डी म्हणजे बाकीच्यांची पुण्याई.

मला हा प्रश्नच चुकीचा मांडलेला वाटतो. तबलजी चांगला की गायक, असं मैफलीनंतर कुणी विचारत नाही. दोघांची लय जुळली की नाही तेवढं ऐकू येतं. लान्सच्या वेळी प्ले-ॲक्शनवर जी पोकळी उघडायची तीच पर्डीच्या वेळीही उघडत होती. एकाचा चेंडू तिथे उशिरा पोहोचायचा, दुसऱ्याचा वेळेवर. २०२४मध्ये पोकळी कमी वेळा उघडली, तर पर्डीला ती जादूने उघडता आली नाही. मे २०२५मध्ये संघाने त्याच्याशी पाच वर्षांचा, २६ कोटी ५० लाख डॉलरचा करार केला. आता तो स्वस्त नाही, आणि भोवतीचा संघ त्या प्रमाणात हलका होणार. त्याची खरी परीक्षा आता सुरू झाली आहे.

लान्सचा घोटा मोडला नसता तर? हा प्रश्न मला नेहमी विचारतात. प्रामाणिक उत्तर असं की तो बरा झाला असता, कदाचित खूप बरा. पण त्याला दोन-तीनशे चुकीचे पास टाकू द्यावे लागले असते, आणि तेवढा वेळ त्या संघाकडे नव्हता. हेच बीज एखाद्या गाळातल्या संघात, जिथे तीन विजयांतही लोक खूश असतात अशा ठिकाणी पेरलं असतं, तर काय उगवलं असतं हे सांगता येत नाही. त्यांनी दिलेला बारावा क्रमांक पुढे मायामीकडून फिलाडेल्फिया आणि तिथून डॅलसला गेला. डॅलसने त्यावर मायका पार्सन्सला घेतलं. लान्स शेवटी त्याच संघात पोहोचला.

मला या प्रकरणात सगळ्यात जास्त शिकवून जाणारी गोष्ट मात्र अलीकडची आहे. २०२३च्या शिबिरात लान्सला मागे टाकून दुसरा क्वार्टरबॅक झाला तो सॅम डार्नोल्ड. त्याच्या शेकडो चुकांचा खर्च आधीच न्यूयॉर्क जेट्स आणि कॅरोलायना यांनी सोसला होता. एक वर्ष शानाहनकडे बसून तो मिनेसोटाला गेला आणि २०२४मध्ये १४ विजय घेऊन आला. पर्डीच्या चुका आयोवा स्टेटने सोसल्या. आणि मॅक जोन्स, ज्याला २०२१ साली घेतील असं बऱ्याच जणांना वाटलं होतं, त्याच्या न्यू इंग्लंड आणि जॅक्सनव्हिलने सोसल्या. न्यू इंग्लंडमध्ये पहिल्या वर्षी तो प्लेऑफपर्यंत गेला, मग आक्रमणाचा सूत्रधार जॉश मॅकडॅनियल्स सोडून गेला, दर वर्षी नवी भाषा शिकायची वेळ आली आणि तो कोसळला.

मार्च २०२५मध्ये फोर्टीनाइनर्सनी जोन्सला पर्डीच्या पाठी राखीव म्हणून घेतलं. तोवर एनएफएलमध्ये त्याचे दीड हजारांच्या आसपास पास टाकून झाले होते. पर्डीच्या पायाचा अंगठा दुखावला आणि जोन्सने त्या हंगामात आठ सामने सुरू केले, पाच जिंकले. त्यावरून आमच्या टेबलावर लगेच निकाल लागला की २०२१ साली यालाच घ्यायला हवं होतं. पण २०२५चा जोन्स २०२१च्या ड्राफ्टमध्ये नव्हताच. २ ऑक्टोबरच्या गुरुवारी रात्री, लॉस एंजेलिसमध्ये, रॅम्सविरुद्ध तो किटल आणि आयुक यांच्याशिवाय उतरला, ४९ पास टाकले, ३४२ यार्ड काढले, आणि सामना जादा वेळेत २६-२३ असा जिंकून दिला. त्या रात्री शेवटच्या पावलाबरोबर त्याच्या हातातून चेंडू सुटत होता, रिसीव्हर अजून वळायचा होता.